तुमचे प्रश्न : ब्रह्मकमळ रुसलंय, आणि कॅक्टसचं फूल कोमेजतच नाही

गेल्या अंकात बाल्कनीतल्या काटेरी झाडांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून वाहायला लागला. निम्म्याहून जास्त मेलचं म्हणणं एकच, ताई सगळं करतोय, खत घालतोय, रोज पाणी घालतोय, तरी फूल येत नाही. त्यातलं ते "रोज पाणी घालतोय" वाचूनच मला अर्धं उत्तर कळतं, पण असो. या वेळी फक्त फुलांचेच प्रश्न घेतलेत, मनीप्लांटवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : ठाण्याला सहाव्या मजल्यावर राहतो. बहिणीने ब्रह्मकमळाचं एक पान दिलं होतं, त्याचं आता एवढं झाड झालंय की कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. पण चार वर्षांत एक कळी नाही. बहिणीकडे एका रात्री पंधरा-वीस फुलं येतात आणि ती सगळ्या ग्रुपवर फोटो टाकते. माझ्या झाडात काही दोष आहे का?

झाडात दोष नाही, बहिणीकडचं आणि तुमचं झाड एकच आहे, तिच्याच झाडाचा तुकडा म्हटल्यावर वेगळं असेल कसं. फरक जागेचा आहे. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्याच घराण्यातलं, पण वाळवंटातलं नाही. मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून वाढतं. आता यातच सगळं आलं बघा. त्याला माती थोडीच लागते पण भुसभुशीत लागते, ऊन पानांमधून गाळून आलेलं लागतं, आणि पाऊस भरपूर मिळाला तरी पाणी मुळाशी थांबलेलं चालत नाही. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही आणि ते ठाण्यात येणारही नाही, त्यामुळे ऑनलाइन कुणी "ओरिजिनल" म्हणून बिया विकत असेल तर पैसे वाचवा.)

तुम्ही मेलमध्ये पुढे लिहिलंय की झाड पेंटच्या बादलीत आहे आणि बाल्कनीला बंदिस्त खिडक्या लावल्यात. तिथेच अडलंय. एवढ्या मोठ्या बादलीत झाड आधी मुळं पसरवत बसतं, फुलाचा विचारच करत नाही, आणि सावलीत ते उजेड शोधत लांबच लांब दांडे काढतं, तेच तुमचे कपडे अडवतायत. आता हिवाळ्यात काही करू नका, पाणी फक्त कमी करा, वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय घालू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा इंची कुंडीत हलवा, अर्धं कोकोपीट किंवा कुजलेला पाला, बाकी विटांचे तुकडे, जाड वाळू आणि मूठभर गांडूळखत. मग जिथे सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन लागतं तिथे ठेवा. दुपारच्या उन्हात ठेवलंत तर पानं पिवळी पडून भाजतात, तेवढं सांभाळा. आणि लांब दांडे दिसले की कापायची सवय असेल तर ती सोडा, कारण कळी येते ती जुन्या पक्व दांड्यांच्या कडेला त्या खाचा असतात ना तिथूनच. ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड आहे, म्हणून तर पानाला फूल आलेलं दिसतं.

एप्रिलपासून दर पंधरा दिवसांनी झिरो-बावन्न-चौतीस (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशवालं विरघळणारं खत) एक ग्रॅम एका लिटर पाण्यात, बस. युरिया, एकोणीस-एकोणीस वगैरे नत्रवाली खतं या काळात नको, त्याने नुसता हिरवा फापटपसारा वाढतो. कांद्याच्या सालींचं पाणी, ताक, केळ्याच्या साली हे सगळं लोक व्हिडिओ बघून घालतात आणि मग कुंडीत चिलटं झाली म्हणून मलाच मेल करतात.

कळ्या दिसल्या की कुंडी फिरवायची नाही, हलवायची नाही, जागा बदलली की कळ्या गळतात. कळी आधी खाली लोंबते आणि फुलायच्या सुमारास तिची मान वर वळते, टोक फुगतं, ते दिसलं की त्या रात्री जेवण लवकर आटपा. आठ-नऊला उमलायला लागतं, अकरा-बाराला पूर्ण, पहाटे मान टाकतं. त्याच्या मूळ जंगलात रात्री फिरणारे मोठे पतंग येतात त्याच्यासाठी, तो सुगंध त्यांच्याकरता आहे, आपण आपले पेढे घेऊन मध्ये घुसतो.

प्रश्न : पुण्यात एका प्रदर्शनातून छोटा कॅक्टस आणला, वर सुंदर गुलाबी फूल होतं. आता तीन महिने होत आले, फूल जसंच्या तसं आहे. इतकं टिकणारं फूल कुठल्या जातीचं असतं? मला अजून दोन-चार घ्यायचेत.

घेऊ नका! हे फूल गोंदाचं आहे. म्हणजे फूल खरंच फूल आहे, पण दुसऱ्याच झाडाचं, कागदासारख्या कोरड्या पाकळ्यांचं सुकवलेलं फूल, त्याला स्ट्रॉफ्लॉवर म्हणतात, ते हॉट ग्लूने कॅक्टसच्या डोक्यावर चिकटवलेलं असतं. हाताला कुरकुरीत लागतंय का बघा. आणि एक अजून, पाणी शिंपडलं की पाकळ्या मिटतात आणि सुकलं की उघडतात, त्यामुळे लोकांची खात्रीच पटते की जिवंत आहे. कॅक्टसचं खरं फूल बहुतेक वेळा एक दिवस ते आठवडाभर टिकतं, तीन महिने कधीच नाही. ते काढायचं तर ओढू नका, नखाने हळू कडेने सोडवा, जबरदस्तीने निघालं तर कॅक्टसची साल निघते आणि ती जखम ऐन शेंड्यावर, जिथून तो वाढतो तिथेच होते. नाही निघालं तर राहू द्या, वाढता वाढता झाड स्वतःच ढकलून देतं बऱ्याचदा. मला या धंद्याचा मनापासून राग आहे, कारण हाच कॅक्टस नीट ठेवला तर त्याला स्वतःची फुलं येऊ शकतात.

याच मेलमध्ये लाल टोपीवाल्या कॅक्टसबद्दलही विचारलंय, हिरव्या दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा. तो गोंद नाही, कलम आहे. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, त्यामुळे तो स्वतःचं अन्न करू शकत नाही, खालच्या हिरव्या दांड्याच्या जिवावर जगतो, आणि तो दांडा बहुधा असतो ड्रॅगनफ्रूटचा. जपानमध्ये १९४० च्या सुमारास रोपांमध्ये असे लाल पिल्लू निघाले आणि ते कलम करून जगवले, तिथून ही फॅशन जगभर गेली. दोन-चार वर्षं टिकतो. फूल म्हणून घेऊ नका, रंग म्हणून घ्या.

प्रश्न : नाशिकला गच्चीवर तीसेक कॅक्टस आहेत, मॅमिलेरिया, जिम्नो, एकिनॉप्सिस आणि एक मोठा गोल सोनेरी काट्यांचा. सगळे टकटकीत हिरवे, पण फुलं अगदी तुरळक. काय द्यावं?

काही देऊ नका, हेच माझं उत्तर. नाशिकसारखा हिवाळा असताना तुम्ही तो वाया घालवताय. तुम्ही लिहिलंय की वर्षभर आठवड्यातून दोनदा पाणी देता. हे कॅक्टस जिथले आहेत तिथे वर्षातले काही महिने थंड आणि ठणठणीत कोरडे असतात, त्या काळात झाड आक्रसतं, थांबतं, आणि त्या थांबण्यातच पुढच्या फुलांची तयारी होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू तोडा, डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ बंदच, फार तर महिन्यातून एकदा सकाळी घोटभर. झाड थोडं सुरकुतेल, बुडाशी तपकिरी होईल, घाबरायचं नाही. आठ-दहा अंशांची थंडी कोरड्या मातीत सगळ्यांना मानवते, ओल्या मातीत तीच थंडी मुळं कुजवते. ऊन मात्र पूर्ण द्या, कॅक्टस आणि फूल यांच्यामध्ये जर एकच गोष्ट उभी असेल तर ती ऊन कमी पडणं ही असते, घराच्या आत टीव्हीशेजारी ठेवलेला कॅक्टस कधी फुलणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मॅमिलेरियाच्या डोक्याभोवती लोकरीतून बारीक लाल ठिपके दिसायला लागतील, तेव्हा पहिलं पाणी. ठिपके दिसायच्या आधी घाई केली तर ते कळ्या न होता वाढीला लागतं. एकिनॉप्सिसच्या बाजूला एक केसाळ काळपट बोंड येईल, ते काही दिवसांत वीतभर लांब नळी होतं आणि संध्याकाळी उमलतं, पांढरं किंवा फिकट गुलाबी, वास गोड, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खेळ खल्लास. त्या दिवशी बाहेरगावी असाल तर गेलं वर्ष.

तो सोनेरी गोळा, ज्याला गमतीने सासूबाईंची उशी म्हणतात, त्याच्याकडून मात्र अपेक्षा ठेवू नका. तो चांगला घागरीएवढा झाल्याशिवाय फुलत नाही, म्हणजे वीसएक वर्षं धरा. मोठे जुने गोळे बघायचे असतील तर चंदिगडशेजारी पंचकुल्याला कॅक्टस आणि सक्युलंटची राष्ट्रीय बाग आहे, १९८७ ची, सात एकरांवर पसरलेली, त्या बाजूला गेलात तर मार्चमध्ये जा.

प्रश्न : ख्रिसमस कॅक्टसला नोव्हेंबरमध्ये कळ्या आल्या की आम्ही कौतुकाने हॉलमध्ये आणतो, आणि आठवड्यात सगळ्या गळतात. गेल्या वर्षी तर कळ्याच आल्या नाहीत. (पिंपरी)

हाही जंगलातलाच, ब्राझीलमध्ये रिओजवळच्या दमट डोंगरांत झाडांवर आणि खडकांवर वाढणारा, म्हणून ब्रह्मकमळासारखीच भुसभुशीत माती. पण याचं खरं घड्याळ रात्रीचं आहे. रात्र मोठी झाली हे त्याला कळलं की कळ्या धरतो, त्यासाठी रोज बारा-तेरा तास सलग अंधार लागतो, आणि असे पाच-सहा आठवडे. मध्ये कुणी ट्यूब लावली की हिशोब फिस्कटतो. तुमच्या बाल्कनीसमोर सोसायटीचा हॅलोजन नवीन लागलाय असं तुम्ही सहज शेवटी लिहिलंय, मला वाटतं गेल्या वर्षीचं उत्तर तिथेच आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून संध्याकाळी सहा-सातला कुंडीवर खोका उपडा घाला, सकाळी काढा. किंवा मागच्या ड्राय बाल्कनीत ठेवा जिथे दिवा लागत नाही. रात्री पंधरा-अठरा अंशांपर्यंत उतरल्या की काम सोपं होतं, म्हणून हा पुण्या-नाशकात फुलतो आणि मुंबईकर कुढत बसतात. आणि कळ्या आल्यावर हॉलमध्ये आणायचंच असेल तर कळ्यांच्या टोकाला रंग पूर्ण दिसू द्या, तोवर हलवू नका.

यालाच जोडून एक मजेदार मेल :

प्रश्न : आमच्या सांगोल्याकडे शेजाऱ्याने ड्रॅगनफ्रूटच्या बागेत रात्रीचे बल्ब लावलेत, माळेसारखे. लोक हसतात. पण तो म्हणतो फुलं येणार. खरं का?

हसू नका, शेजारी बरोबर आहे. ड्रॅगनफ्रूट हाही कॅक्टसच, पण याचं गणित ख्रिसमस कॅक्टसच्या बरोब्बर उलटं, याला रात्र लहान लागते. म्हणून आपल्याकडे जून ते ऑक्टोबर-नोव्हेंबर बहर येतो आणि दिवस लहान झाले की थांबतो. रात्री काही तास उजेड दिला की झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि अवेळी कळ्या निघतात. व्हिएतनाम, तैवानमध्ये हे बऱ्याच वर्षांपासून चालतं. फक्त कडाक्याची थंडी असेल तर नुसत्या बल्बने भागत नाही, आणि लाइट बिल, बाजारभाव हे गणित तुमचं तुम्हाला. शेतीच्या दृष्टीने नीट माहिती हवी असेल तर बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, ते ड्रॅगनफ्रूटवर काम करतात, एकदा जाऊन या. आणि जमलं तर रात्री दहाच्या पुढे त्या बागेत चक्कर मारा, हातभर पांढरी फुलं एकदम हजारोंनी उघडलेली असतात. गुजरात सरकारने २०२१ मध्ये या फळाला कमलम म्हणायचं ठरवलं ते मात्र फळाच्या कमळासारख्या रूपाकडे बघून.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितेय. मैत्रिणीने दिलेल्या कॅक्टसला मोठ्ठं चांदणीसारखं फूल आलं, पण घरात मेलेल्या उंदराचा वास सुटलाय. सासऱ्यांनी आधी माळा उपसला! फुलावर हिरव्या माश्या बसतात. झाड आजारी आहे का?

सासऱ्यांची माफी मागा आणि झाड अंगणात ठेवा. ते स्टापेलिया आहे, कॅक्टस नाहीच, दक्षिण आफ्रिकेकडचं, रुईच्या कुळातलं. त्याचं परागीभवन माश्या करतात म्हणून ते सडक्या मांसाचा वास सोडतं, फुलाचा रंग आणि वरची केसाळ लव पण तशीच. माश्या इतक्या फसतात की त्यात अंडी घालतात, आणि बाहेर आलेल्या अळ्यांना खायला काहीच नसतं, मरतात बिचाऱ्या. झाड ठणठणीत आहे, फक्त कोकणातल्या पावसात पत्र्याखाली ठेवा.

आणि आता जे सांगणार आहे ते मला कुणी विचारलेलं नाही पण राहवत नाही. याच झाडाची एक लांबची बहीण आपल्या सह्याद्रीत आहे, शिंदळ माकुडी. जगात फक्त महाराष्ट्रात, जुन्नरकडे, शिवनेरी, पुरंदर अशा ठिकाणच्या उभ्या कड्यांवर. जाडसर दांडे, पावसाळ्यात पानं, आणि पाऊस सरताना मरून रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची छोटी चांदणी. डॅल्झेल नावाच्या माणसाने १८६० च्या दशकात तिची नोंद केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया नाव दिलं. मध्यंतरी जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींच्या यादीत हिचं नाव होतं. किल्ल्यावर दिसली तर फोटो काढा, तुकडा तोडू नका, लोकेशन तर ग्रुपवर अजिबात टाकू नका. परदेशी चांदण्या नर्सरीत मिळतात, ही तिथेच राहू दे.

प्रश्न : डोंबिवली. अडेनियमचा बुंधा पावसात मऊ पडलाय, दाबला की आत जातो. वाचेल का?

लगेच केलंत तर. कुंडीतून काढा, माती धुवा, मऊ भाग धारदार सुरीने कापत जा जोपर्यंत आतला भाग पांढरा आणि कडक लागत नाही, एक तपकिरी ठिपका उरला तरी पुन्हा पसरतं. बुरशीनाशक पावडर लावा (नसेल तर हळद), आणि सावलीत, वाऱ्यात उघडंच आठ-दहा दिवस ठेवा. मग कोरड्या खडीच्या मिश्रणात बसवा आणि आठवडाभर पाणी नाही. ग्लोव्ह्ज घाला, याचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांना लावायचे. वाचलं तर पुढच्या वर्षीपासून जूनच्या आधी आडोशाला, आणि छाटणी फेब्रुवारीत, छाटल्यावर जेवढे फुटवे तेवढे फुलांचे शेंडे. पूर्ण ऊन लागतं हे सांगायला नको.

प्रश्न : घरात काटेरी झाड ठेवू नये असं सासूबाई म्हणतात. मला फुलणारे कॅक्टस फार आवडतात. शिवाय मुलगी दीड वर्षाची आहे. काय करू?

सासूबाईंशी भांडू नका कारण कॅक्टसला घरात नाहीतरी ऊन पुरत नाही, त्यामुळे "घरात नको" हे त्यांचं म्हणणं माझंही आहे. ग्रिलवर बाहेर ठेवा, दोघींचं समाधान.

मुलीचं मात्र सीरियसली घ्या. नर्सरीत ती लाल-गुलाबी गुच्छांची काटेरी युफोर्बिया मिळते, मादागास्करची, बारमाही फुलते, दिसायला गोड, पण तोडली की पांढरा चीक निघतो. तो त्वचेला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर प्रकरण गंभीर होतं, भरपूर पाण्याने धुवत राहायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. शेताच्या बांधावरचा शेर आणि त्रिधारी निवडुंग यांचंही तेच, ते याच कुळातले. खऱ्या कॅक्टसला बहुधा असा झोंबणारा चीक नसतो, पण सशाच्या कानासारखा दिसणारा, पिवळ्या ठिपक्यांचा जो मऊमऊ वाटतो ना, तो सगळ्यात वाईट. त्याचे ते ठिपके म्हणजे शेकडो केसाएवढे काटे, बोट लावलं की भरतात. भरलेच तर चोळू नका, सेलोटेप चिकटवून ओढा, उरलेले चिमट्याने काढा.

मुलगी चार-पाच वर्षांची होईपर्यंत ख्रिसमस कॅक्टस आणि ब्रह्मकमळ लावा, दोन्हींना टोचणारे काटे नाहीत आणि चीकही नाही. ब्रह्मकमळाचं पान हवं असेल तर ठाण्याचे वरचे वाचक नक्की देतील, त्यांना कपडे वाळत घालायला जागा हवीय.